कॉलेजात कसे नांदावे

१ जून १९३८

मेलो! धुडकू गुरुजींनी मला गावासमोर फासावर चढवायचं ठरवलंय, आणि तेही गळ्यात हार घालून.

सकाळी शेतातून घरी येत होतो, तर गुरुजी वेशीतच आडवे आले. यंदा आमच्या बाजूचे दोघं जण मॅट्रिक होऊन पुण्याला कॉलेजात चाललेत — आमच्या शेजारच्या दोधूकाकांची शोभा आणि सारंगखेड्याचा भीमसिंग. तर त्यांच्यासाठी बारा तारखेला, रविवारी, मारुतीच्या पारावर सभा. विषय, ‘कॉलेजात यश कसे मिळवावे’. वक्ते, ब्राह्मणपुरीचे पहिले कॉलेजियन श्री. चुनीलाल भिला पाटील.

म्हणजे मी.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते इथे लिहितो. मी नापास आहे. फर्स्ट इयरला. एप्रिलात कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली. माझा नंबर सत्तेचाळीस. यादीत सेहेचाळीस होता, अठ्ठेचाळीस होता. चार वेळा पाहिलं. पाचव्यांदा पाहायला गेलो तर शिपाई म्हणाला, ‘अहो, पाहून उगवतो का नंबर!’ ट्रंक उचलली आणि घरी आलो. घरी सांगितलं, निकाल पावसाळ्यात लागतो. आबांना त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांची सगळीच कामं पावसाळ्यावर असतात. माय म्हणाली, "बरं शे. तवलोंग खाई-पीसन धष्टपुष्ट व्हय."

आणि आता मी यशाचा मार्ग दाखवणार!

२ जून

गुरुजींना ‘नाही’ म्हणायला गेलो. ‘हो’ म्हणून आलो.

३ जून

वाटलं होतं त्याहून वाईट आहे.

दोधूकाका आले. आबांचे लहानपणचे सोबती, बांधाला बांध लागून शेत. शोभा धुळ्याला मामाकडे राहून मॅट्रिक झाली. तिने पुढे शिकावं असं काकांच्या मनात आहे, पण घरातली बाकीची तोंडं वाकडी. त्यात शहाद्याकडचं एक स्थळ येऊन बसलंय. मुलगा बरा, विहीर बारमाही, केळीची बाग. काका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माले काय समजस रे त्या कॉलेजमधलं? पन तू गया ना! आपला गावना पोऱ्याले जमनं, तर मन्ही आंडेरले, शोभाले बी जमी. तुन्हाकडे देखीसनच मी हा म्हनेल शे. नहीतर मार्गशीर्षमा तिनं लगीन."

मी चाचरत म्हटलं, निकाल अजून लागला नाही काका.

"लागी रे! वावर देखीसनच पीक समजस."

आबा तिथेच बसून विडीचं पान कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. बरं झालं पाहिलं नाही.

म्हणजे असं. मी पास, तर शोभा पुण्याला. मी नापास, तर शोभा केळीच्या बागेत. माझ्या एका खोट्यावर दुसऱ्याच कुणाचं आख्खं आयुष्य उभं राहिलंय, आणि तिला ते माहीतही नाही.

५ जून

कपाशीची धूळपेरणी चाललीय. ढगाचा पत्ता नाही. येईलच पाऊस या भरवशावर कोरड्या मातीत बी टाकायचं. आबा पुढे पाभर धरून, माय मागे बी सोडत, मी बैलांपाशी.

दुपारी निंबाखाली कागद काढला आणि भाषण लिहायला बसलो. ‘पहाटे उठावे.’ — मी उठत होतो. ‘एकही तास चुकवू नये.’ — एकही चुकवला नाही, तापात फणफणत असतानासुद्धा जाऊन बसलो. ‘गुरुजनांचा आदर राखावा.’ — इतका राखला की इंग्रजीच्या प्रोफेसरांचं घर टाळायला लांबच्या रस्त्याने हॉस्टेलवर जायचो! ‘वाईट संगत धरू नये.’ — वाईट कसली, मी कुठलीच धरली नाही.

सगळं केलं. मग नापास कसा झालो?

आबा भाकर खात होते. ‘काय लिहितोस’ असं त्यांनी विचारलं नाही. ते कधीच कुणाला काही विचारत नाहीत. वर्षातून दहा-बारा वाक्यं बोलतात. गेल्या वर्षी मात्र सारंगखेड्याच्या घाटावर, मला नावेत बसवताना, वर्षाची सगळी वाक्यं एकदम खर्च केली होती. तापीच्या पाण्याकडे बघत म्हणाले होते, "खाले देखीसन चालानं. कोणले काही मांगानं नही. नही समजनं तरी इचारानं नही, लोके हसतस. दुखनं-खुपनं घर कळाडानं नही. मन्हं नाव राखजो."

नाव पलीकडे लागेपर्यंत ते उभे होते. मी मनाशी ठरवलं, यातला एक शब्द मोडणार नाही. मोडलाही नाही.

७ जून

आज भीमसिंग आला — घोड्यावरून. घोड्यांच्या यात्रेच्या सारंगखेड्याचा पोरगा, आणखी कशावरून येणार! त्याला एकच चिंता. "हॉस्टेलमा घोडं बांधाले जागा शे का?"

नाही म्हटलं तर चेहरा उतरला. "मंग तठला लोके जातस कशावर?"

"सायकलवर."

जरा विचार करून म्हणाला, "ती लाथ मारस का?"

शोभा मात्र वही घेऊन आली होती. वहीत सतरा प्रश्न, सुवाच्य अक्षरात, प्रत्येकाखाली उत्तराला जागा सोडलेली. खाणावळीत भाकर मिळते का? पुस्तकं एका वेळी किती देतात? मुलींना पुढे बसवतात की मागे? मी ठोकत गेलो, ती लिहीत गेली. बाराव्याला अडकलो.

"चुनीभाऊ, प्रोफेसर काय बोलना ते समजनंच नही, तर काय करानं?"

"समजस हळूहळू."

"तुले कितला दिनमा समजनं?"

"महिनाभरमा."

तिने लिहून घेतलं. ‘एक महिना.’

खरं काय ते इथे लिहितो. पहिल्या तासाला इंग्रजीचे प्रोफेसर आले. उंच, काळा कोट, खिडकीबाहेर बघत बोलायचे. शहाद्याच्या शाळेत आम्ही इंग्रजी शिकलो ते एकेक शब्द दाण्यासारखा वेचून. इथे पोतंच ओतलं! एक वाक्य पकडेपर्यंत चार निसटायची. मग मी काय केलं, तर जे ऐकू येईल ते बाळबोध अक्षरांत उतरवून घ्यायला लागलो. नुसते आवाज. अशा दोन वह्या भरल्या. खोलीवर बसून त्या वाचायचो, कुठल्या तरी अनोळखी देवाची पोथी वाचावी तशा. वर्ग हसला की मीही हसायचो, पण जरासा मागाहून. शेजारच्या बाकावरचा मुलगा एकदा आपणहून म्हणाला, ‘समजलं का? नाहीतर सांगतो.’ मी मान डोलावली. वर्षभर डोलावली. नंदीबैलाने माझ्याकडे शिकवणी लावावी.

आणि प्रोफेसर रोज तास संपताना पुस्तक मिटायचे, खिडकी सोडायचे आणि वर्गाकडे वळून म्हणायचे, कुणाला काही विचारायचं आहे? तेवढं मात्र मला समजायचं! त्यांची नजर माझ्या बाकावर थोडी जास्त थांबायची असं वाटे. मी जोड्याकडे बघत बसायचो.

‘एक महिना.’ शाबास रे चुनीलाल!

८ जून

माय म्हणते, सभेला नवं धोतर नेस. मी म्हटलं, जुनंच बरं. म्हणाली, "भाषन देनारा मानूस असा दिसस का?" नवं नेसणार आहे.

९ जून

आज काय कळलं! अक्षर वाकडं येतंय.

दोधूकाकांकडे बायका जमल्या होत्या. शोभा पुण्याला चालली, म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मामाचं घर सोडलं तर आमच्या गावातून मुलगी बाहेर जाते ती एकाच कारणाने. मग त्यांनी तेच केलं! पाटावर बसवलं, ओटी भरली, बिबडे आणि सांडग्यांची गाठोडी बांधली, आणि सासरी निघालेल्या लेकीची गाणीसुद्धा म्हटली. शोभा ओटीतला नारळ सांभाळत बसली होती. हसावं की रडावं तिला समजत नव्हतं. मी बाहेर ओट्यावर तिच्या ट्रंकेचं कुलूप ठीक करत होतो.

मग एकेकीचा उपदेश सुरू झाला. आधी तिची आई मंगलाबाई, मग माझी माय, मग बाकीच्या.

"खाले देखीसन चालानं व माय."

"भूक लागनी तरी मांगानं नही."

"नही समजनं तरी इचारानं नही, लोके हसतस. देखी-देखी शिकानं."

"दुखनं-खुपनं पोटमा ठेवानं. माहेरले कळू देवानं नही. बापनं नाव राखानं."

कुलूप हातातून पडलं.

हे सगळं मी ऐकलेलं होतं. शब्दन्‌शब्द! घाटावर, तापीच्या काठी. आबांनी मला सासरी धाडलं होतं! बिचाऱ्यांना दुसरं येणार तरी काय? त्यांनी दोन बहिणी बोळवल्या, भाच्या बोळवल्या. घरातलं माणूस दूर जाताना बोलायचे शब्द त्यांच्यापाशी एवढेच होते. होते ते सगळे मला दिले, पोटातल्या मायेने दिले. आणि मी असा गुणी की तंतोतंत पाळले. खाली मुंडी. मागायचं नाही. विचारायचं नाही. घरी कळवायचं नाही.

मी कॉलेजात शिकलोच नाही. वर्षभर नांदलो!

इतकं हसू आलं की ओट्यावर एकटाच हसत बसलो. मायने आतून विचारलं, काय झालं रे? मग हसूचं काय झालं ते लिहीत नाही.

१० जून

रविवारी खरं बोललो तर दोधूकाका शोभाला पाठवणार नाहीत. ‘चुनी पोऱ्या असून नापास, तर पोरीचं काय’ — झालं, मार्गशीर्ष! आणि खोटं बोललो तर शोभा जाईल, पण ती ओटी बरोबर घेऊन जाईल. एक वर्ष मान डोलावेल आणि परत येईल. मग तर काका म्हणतील, गावात पुन्हा कुणी पोरीला शिकवायचं नाव काढू नका.

कसंही केलं तरी तिचंच नुकसान. सकाळपासून डोकं भणभणत होतं. शेवटी दुपारी विहिरीवर तिला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सत्तेचाळीस नंबर, बाळबोध वह्या, जोडे, सगळं.

तिने हंडा खाली ठेवला. वाटलं, आता रडणार. उलट भडकली!

"सतरा प्रश्न इचारात मी तुले! एकनं तरी खरं उत्तर दिनं का?"

"भाकरीचं खरं होतं," मी म्हटलं. "मिळत नाही म्हणून सांगितलं ते."

हसली नाही. मी म्हटलं, सभेत हे बोललो तर काका तुला धाडणार नाहीत. तूच सांग, काय करू?

तिने रहाटाचा दोर सोडून दिला. मग म्हणाली, "नही धाडं तर नही धाडं. पन खोटं सांगीसन धाडू नको. तठे जाईसन मी बी तुन्हागत वरीसभर मान हालावसू का?"

हंडा उचलून निघून गेली. पाणी भरायचं विसरली होती.

११ जून

शोभाने वही पाठवून दिली. प्रश्न तसेच आहेत, उत्तरं सगळी खोडलेली. भाकरीचं तेवढं ठेवलंय. सतराव्याखाली नवा अठरावा — ‘रविवारी काय बोलशील?’

१२ जून, रविवार

ऊन कलल्यावर सभा भरली. पारावर सतरंजी, शाळेतली खुर्ची, कण्हेरीच्या फुलांचा हार. ब्राह्मणपुरी तर होतीच, आजूबाजूच्या गावांतली माणसंही बैलगाड्या जोडून आली होती. गुरुजींनी माझी ओळख करून दिली, ‘विद्येच्या गगनात झेप घेणारा आपल्या गावचा गरुड.’ गरुड नव्या धोतराचा सोगा सावरत उभा राहिला.

दोधूकाका पहिल्या रांगेत. भीमसिंग त्यांच्या शेजारी. बायका मारुतीच्या भिंतीच्या कडेला, त्यांच्यात शोभा. आबा सगळ्यांच्या मागे, पागोटं काढून मांडीवर घेऊन बसलेले.

कागदावरचं भाषण शुद्ध मराठीत होतं. ‘बंधुभगिनींनो’ एवढंच वाचलं. कागद खिशात घातला.

"मी नापास शे," मी म्हटलं.

कुणाला कळलंच नाही. गुरुजी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, त्यांचे हात तसेच राहिले. मी पुन्हा म्हटलं. मग मात्र मागचे लोक माना उंचावून बघायला लागले.

मग काय काय बोललो ते आठवेल तसं लिहितो.

"निकाल चैतमाच लागना. मी खोटं बोलनू. मन्हं डोकं कमी व्हतं म्हनीसन मी नापास नही व्हयनू. तोंड उघाडं नही म्हनीसन व्हयनू. शोभा, भीमसिंग, ध्यान देईसन ऐका. वावरमा कोणी एकटा पेरस का? आपला बैल बसना तर शेजारीकडथीन बैल आनतस. आज तो आपलाकडे येस, सकाय आपन त्यानाकडे जातस. सावड करतस. त्यानी लाज वाटस का कोणले? मंग एक शब्द अडना तर बाजूना पोऱ्याले इचाराले कसानी लाज? त्याले इंग्रजी येस, तुमले गणित येस. सावड करा! पहिलाच दिन सांगा, समजनं नही. हसतीन. हसू द्या. दुसरा दिन कमी हसतीन. मास्तर म्हनस ना, काय इचारानं शे? तो खरंच म्हनस. त्यानाकडे देखा, जोडाकडे देखू नका. समजनं नही तर हसू बी नका. आनि घर चिठ्ठी लिखशात ती खरी लिखा."

मध्येच भीमसिंगने हात वर केला. सभेत! "आनि भाकरनं काय?"

"मांग," मी म्हटलं. "खाणावळवालाले सांग, आठवडामा एकदाव तरी भाकर कर. मी मांगी नही, वरीसभर पातळ पोळ्या खाद्यात."

थोडी माणसं हसली. तेवढ्याने मला धीर आला आणि मुख्य ते बोलून टाकलं. "ते सासर नही शे. तठे नांदानं नही. तठे इचारानं. आनि ज्यासनी माले सांगं, इचारू नको, त्यासना काही दोष नही. त्यासनी माया करीसन सांगं."

आबांकडे बघायची हिंमत झाली नाही. खाली उतरलो.

भीमसिंगने एकट्याने टाळ्या वाजवल्या, कुणी साथ देत नाही म्हणून थांबला. दोधूकाका उठले, जोडे घातले, आणि घराकडे चालू लागले. शोभा त्यांच्यामागून गेली. तिने माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही. गुरुजींच्या हातात हार तसाच होता. शेवटी तो त्यांनी मारुतीला घातला.

सगळे पांगले तरी आबा जागचे हलले नव्हते. पागोटं हातात घेऊन त्याची घडी चाचपत बसले होते. मी जवळ गेलो तसं ते त्यांनी डोक्याला गुंडाळलं आणि माझ्यापुढे चालायला लागले. घर येईपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत चाललो. पाठ जरा वाकलीय त्यांची. वर्षभर मी पाहिलीच नव्हती.

१३ जून

आबा माझ्याआधीच शेतात गेले. दोधूकाकांचं दार लोटलेलं.

मायने ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या. मी नको म्हटलं तर एकदम डोळे भरून म्हणाली, "वरीसभर पातळ पोळ्या खाद्यात, नी माले एक शब्द नही कळाडा!" नापास झाल्याचं तिला काहीच नाही. भाकरीचं आहे.

१४ जून

सकाळी दोधूकाका आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला नाही. मी समोर उभा, आबा खांबाला टेकून. काकांनी तिथूनच आपल्या घराकडे हाक मारली, "शोभा!"

ती येऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"हाऊ चुनी म्हनस, तठे इचारानं पडस. चारचौघामा. तुले जमी का?"

"जमी."

"मंग आठेच इचार. माले. आजलोंग तुन्हा करता बठ्ठासनी माले इचारं, तुन्हा मामानी, गुरुजीनी, चुनीनी. तू काही नही इचारं."

खरंच होतं ते. त्या घरात काय आणि आमच्या घरात काय, मुलगी बापाला थेट काही मागत नाही. ती आईला सांगते, आई काकूला, काकू आजीला. वैशाखातल्या आखाजीला हव्या असलेल्या बांगड्या पोळ्याला मिळतात! शोभा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मनात म्हटलं, बोल ग बाई, बोल!

"बा," ती म्हणाली. पदर सोडला. पुन्हा म्हणाली, "बा, माले कॉलेजले जावानं शे. धाडशी का?"

काका तिच्याकडे असे बघत राहिले जशी ती आत्ताच कुठल्या गावाहून आलीय. मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, नको तेवढा वेळ पुसलं.

"जाय," म्हणाले. "गुरुवारले नाव शे. तापीनं पानी चढाना आगोदर."

शोभा पळाली. घरात जाऊन ती मोठमोठ्याने रडली ते इथपर्यंत ऐकू आलं. काका उठता उठता मला म्हणाले, "तुले मी काय म्हनू? तुन्हा बापले काय सांगानं ते देख तू."

मी आबांकडे पाहिलं. ते बैल सोडायला निघून गेले होते.

१५ जून

दुपारी शेतात, निंबाखाली. भाकर खाऊन झाली तरी आबा उठले नाहीत. पागोटं काढलं, आणि त्याच्या घडीतून एक पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. घामाने मऊ पडलेलं, कडा काळ्या झालेल्या. अजून फोडलेलंही नाही.

"आखाजीना आगला दिन उनं. टपालवाला म्हने, पुनानं शे. माले वाटनं, नापासनंच व्हई. तू सांगशी तवय सांगशी, म्हनीसन ठेवं."

दीड महिना डोक्यावर! आणि मग, जन्मात पहिल्यांदा, मी आबांना कुणाला काही विचारताना ऐकलं.

"हाई काय लिखेल शे रे, चुनी?"

इंग्रजीच्या प्रोफेसरांचं होतं. चार ओळींचं, इंग्रजीत. एक शब्द अडला, बाकी सगळं समजलं. आबांना आमच्या बोलीत सांगितलं ते असं — ‘रोज तास संपताना मी थांबत होतो, तुम्ही विचाराल म्हणून. तुमच्या पेपराच्या मागच्या पानावर माझीच वाक्यं मराठी अक्षरांत लिहिलेली पाहिली. इतकं मन लावून मला कुणी ऐकलं नव्हतं. कॉलेज सोडू नका. टर्म वीस जूनला सुरू होते, त्याच्या आठ दिवस आधी या. संध्याकाळी मी घरीच असतो.’

आठ दिवस आधी म्हणजे परवाचा रविवार. मी पारावर उभा होतो तेव्हा.

"आखो एकदाव वाच," आबा म्हणाले.

पुन्हा वाचलं. ते पेरलेल्या कोरड्या मातीकडे बघत बसले. मग म्हणाले, "तो मास्तर आजून वाट देखत व्हई का रे?"

"मालूम नही, आबा," मी म्हटलं. "जाईसन इचारस."